गप्प पडलेल्या केंद्राचा पत्ता

मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तंबी दिली, पंधरा दिवस कॉम्प्युटरकडे बघायचं नाही. तिला डोळ्यापेक्षा पत्त्यांची काळजी. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून ती हौशी रेडिओवाल्यांना पत्ते वाटायची. त्यांची यंत्रं बिनतारी लहरींवरून एकमेकांशी बोलतात, त्यासाठी प्रत्येकाला आकड्यांचा एक पत्ता लागतो. परवाना तपासायचा, मोकळा पत्ता नोंदवून द्यायचा, पुढे कुणाचं अडलं की निस्तरायचं. पगार नाही की सुट्टी नाही.

"मी सांभाळते," भाची म्हणाली. ती एका कंपनीत नेटवर्क इंजिनिअर. हे काम तिला हातचा मळ वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी तिला एक नोंद सापडली. डोंगरावरचं घड्याळजींचं केंद्र, तीन मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. नियमाप्रमाणे असा पत्ता काढून घ्यायचा.

"काढून टाकू ना गं?"

पट्टी बांधलेली मावशी पलंगावर उठून बसली. "घड्याळजींचा? फोन लाव आधी."

"तीन मेल केलेत, मावशी!"

"अगं, माणूस वाचण्याच्या अवस्थेत नसेल तर?"

फोन घड्याळजींच्या बायकोने घेतला. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला होता. वाचा गेली, उजवा हात गेला. "यंत्र मात्र मी बंद केलेलं नाही. ते चालू असलं की हे शांत असतात. पण परवापासून त्यावरचा दिवा तांबडा झालाय, आणि हे सारखे पलंगाच्या दांडीवर बोटं आपटतात."

भाचीने नोंदी चाळल्या आणि तिचे कान तापले. खोऱ्यातली नऊ केंद्रं त्याच यंत्रामार्गे जोडलेली होती. परवापासून नऊही बंद. त्यांच्या तक्रारी आल्या होत्या, आणि 'आपापल्या वायरी तपासा' असं लिहून ती मोकळी झाली होती.

मावशीने स्पीकरवरचा फोन मागून घेतला. "वहिनी, यंत्राच्या मागे जाड काळी वायर आहे, टोकाला पितळी टोपी. सैल आहे का बघा."

"हलतेय खरी. रंगारी आला होता, त्याचा धक्का लागला असेल."

"उजवीकडे घट्ट पिळा. आता यंत्र बंद करा, वीस आकडे मोजा आणि चालू करा."

वहिनी मोजू लागल्या. मागून टकटक ऐकू येत होती. मावशीने तोंडावर बोट ठेवलं आणि फोनला कान लावला.

"दिवा हिरवा झाला!" वहिनी ओरडल्या.

"वहिनी, ते त्रागा करत नाहीयेत. मोर्समध्ये, तारेच्या ठोक्यांच्या भाषेत बोलतायत. परवापासून 'टोपी सैल' असंच सांगत असणार."

"आणि आत्ता काय म्हणतायत?"

मावशी ऐकत राहिली, मग खुदकन हसली. "चहात साखर फार पडते म्हणे."

पलीकडे वहिनी हसत होत्या की रडत होत्या, भाचीला कळेना. "चार महिने गोड चहा पाजतेय हो मी त्यांना!"

त्या संध्याकाळी भाचीने नऊ जणांना माफीचे मेल लिहिले. पुढच्या आठवड्यात मावशीने वहिनींना फोनवर रोज पाच-पाच अक्षरं शिकवली. पट्टी निघाली त्या दिवशी घड्याळजींच्या केंद्रावरून पहिला मेल आला. त्यांनी दांडीवर ठोकला होता, वहिनींनी टाइप केला होता. त्यात चुका भरपूर होत्या. कॉम्प्युटरची बंदी अजून उठली नव्हती, म्हणून भाचीने तो मावशीला दोनदा वाचून दाखवला.