मनातला मेळ

राग करायचा नाही, हे पथ्य ज्याने कुणी शोधून काढलं त्याला एकदा समोर बसवून चार शब्द सुनवावेत, असं शंकुण्णी मारारला रोज वाटत होतं. दही नको, मासे नकोत, चिंच नको, ऊन नको, दुपारची झोप नको, मोठ्याने बोलणं नको, इथवर त्याने मान डोलावली होती. पण राग नको? मग माणसाने दिवसभर करायचं तरी काय?

भर पावसाळ्यातला कर्कटक महिना होता, केरळात शरीर दुरुस्तीला काढायचा. शूलपाणी वैद्यरांकडे तेलाचं मर्दन झालं, दुधात शिजवलेल्या ञवर नावाच्या औषधी तांदळाच्या पुरचुंड्यांनी अंग शेकून झालं, आणि मग त्याला घरी पाठवलं ते नल्लिरिक्क पाळायला. म्हणजे जितके दिवस उपचार तितकेच दिवस नुसतं नीट राहायचं. उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जात नव्हता, आणि चेंड्याची, म्हणजे गळ्यात अडकवायच्या ढोलाची, काठी उचलायची म्हणजे हात वर जायलाच हवा. हिवाळ्यात, वृश्चिक महिन्यातल्या उत्सवात देवळापुढे चेंडावादकांचा पंचारी मेळ वाजतो, त्याचा म्होरक्या गेली वीस वर्षं शंकुण्णी होता. देवळाच्या समितीच्या कुट्टन मेननने निरोप धाडला होता की ओणमपर्यंत थांबतो. आशानांना, म्हणजे शंकुण्णी गुरुजींना, जमणार नसेल तर बाहेरगावचा म्होरक्या आणावा लागेल. बाहेरगावचा! शंकुण्णीच्या आजोबांपासून ती जागा घरात होती.

घरात दुसरा कुणी नव्हता असं नाही. बहिणीचा मुलगा सेतुमाधवन होता, चांगला पस्तिशीचा, हात तयार, ताल पक्का. पण त्याच्यात एक खोट होती. मेळ एका काळातून दुसऱ्या काळात जातो, लय दुप्पट होते, नेमका त्या वळणावर सेतू अडखळायचा. दर वेळी. 'अजून पिकला नाही,' असं शंकुण्णी सगळ्यांना सांगत आला होता.

आणि हा कच्चा सेतू रोज पहाटे पडवीत चारपाच शिष्य घेऊन रियाजाला बसे. कर्कटकातला रियाज चेंड्यावर नसतो, दगडावर असतो. चिंचेच्या जाड काठ्यांनी दगड बडवायचा, म्हणजे मनगटं तयार होतात. भिंतीपलीकडे ती टकटक सुरू झाली की अलीकडे चटईवर पडलेल्या शंकुण्णीचा जीव वरखाली होई. वळण जवळ आलं की तो श्वास रोखून धरी. सेतू अडखळे, मागचे शिष्य विस्कटत जात, आणि शंकुण्णीच्या टाळूवरचं रास्नादी चूर्णसुद्धा तापल्यासारखं वाटे.

"अहो, कपाळाची शीर उडतेय तुमची," त्याची बायको अम्मिणी औषधी पेजेचा वाडगा ठेवत म्हणे. "चिडलात ना?"

"मी कुठे चिडलोय? मी नीट राहतोय."

"दिसतंय की. वाडगा फुटायचा बाकी आहे."

वैद्यर एक दिवसाआड खांदा बघायला येत. दोघं एकाच शाळेत एकाच बाकावर बसलेले, त्यामुळे आदबीची भानगड नव्हती. तेलाने शरीर सुटतं, पण मन धरून बसलं तर वात पुन्हा तिथेच जाऊन बसतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी सकाळ-संध्याकाळ सावकाश श्वास आणि शवासन लावून दिलं होतं. शंकुण्णीला ते अजिबात पटलं नव्हतं. मेल्यावर फुकट मिळणारी गोष्ट जिवंतपणी शिकायची कशाला, असं तो अम्मिणीला म्हणालाही होता. तरी तो पडून राही. हातपाय सैल, डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, काय शांत माणूस आहे!

त्या संध्याकाळी तो असाच पडला असताना वैद्यर आले. शेजारी बसले आणि त्यांनी त्याच्या खांद्याखाली हात सरकवला. बराच वेळ तो तिथेच ठेवला. मग अगदी सहज विचारलं, "कितव्या काळात आहेस?"

"तिसऱ्या," शंकुण्णी म्हणाला, आणि जीभ चावली.

वैद्यर चिडले नाहीत, हे जास्त झोंबलं. ते म्हणाले, "मी तिकडे तेल जिरवलं आणि तू इकडे पडल्या पडल्या अख्खा मेळ वाजवतोस. आत एकेक स्नायू काठी धरून बसलाय. हात वर जाईल कसा?"

"मी नाही वाजवत. तो वाजतो."

"मग दुसऱ्या कुणाला वाजवू दे. तू नुसता ऐक. सेतू रोज वाजवतोय ना पलीकडे?"

"त्याचं ऐकण्यापेक्षा खांदा गेलेला परवडला."

"जाईलच मग," वैद्यर म्हणाले आणि छत्री उचलून चालते झाले.

शंकुण्णी खूप धुमसला. ज्याला ताल कळत नाही त्याने तालाबद्दल बोलू नये, असं त्याने भिंतीला सुनावलं. पण दुसऱ्या पहाटे टकटक सुरू झाली तेव्हा त्याने ठरवून टाकलं, वाजवायचं नाही, ऐकायचं. पहिला काळ लांबलचक. मन सारखं पुढे धावे, त्याला तो मागे ओढून आणी. नाठाळ गुरासारखी खेचाखेची चालली होती. मग वळण आलं. आणि सेतू अडखळला.

झालं! पथ्य गेलं खड्ड्यात. शंकुण्णी तरातरा उठला आणि पडवीच्या दारात आला. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर सगळ्यांच्या डोळ्यांकडे गेली. शिष्य सेतूकडे बघत होते, आणि सेतू कुठे बघत होता? समोरच्या रिकाम्या पाटाकडे. तिथे शंकुण्णी बसायचा. वळणावर तो हनुवटी खाली करायचा, की मग सगळे वळायचे. त्याने मान हलवल्याशिवाय वीस वर्षांत कुणी वळायची हिंमत केली नव्हती. एकदा सेतूने केली होती, तेव्हा त्याच्या हातावर काठी बसली होती. रिकाम्या पाटाकडून खूण यायची नव्हती, तरी सेतू थांबत होता. ती खोट ज्याला त्याला सांगत फिरलो, आणि लावली कुणी? आपणच. शंकुण्णीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अम्मावा, तुम्ही उठलात कशाला?" मामाला बघून सेतू धडपडत उभा राहिला.

"माझी वाट बघू नकोस."

"मग कुणाकडे बघू?"

"कुणाकडेच नको. तुला वाटलं की वळव." त्याने दगडाजवळ पडलेली काठी पायाने बाजूला सारली. "चुकलास तर चूक. काठी नाही मारणार."

तो आत येऊन आडवा झाला. पलीकडे पुन्हा सुरुवात झाली. या वेळी वळण आलं ते शंकुण्णीच्या हिशेबाच्या थोडं आधी. त्याने असं कधीच वळवलं नसतं. पण सगळे एकदम वळले, एकही काठी मागे राहिली नाही. त्याच्या मनातला मेळ मागच्याच काळात रेंगाळत होता. पुढच्यांना गाठायची त्याने धडपड केली, जमेना, आणि मग तो मेळ थांबला. इतकं रिकामं त्याला कधी वाटलं नव्हतं. लोक याला शांती म्हणत असतील तर त्याला ती मुळीच आवडली नाही.

पेज पिऊन झाल्यावर त्याने अम्मिणीला बोलावलं आणि मेननकडे निरोप पाठवायला सांगितला की उत्सवात सेतू पुढे उभा राहील. तिने दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. तो कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडला.

वैद्यर दुसऱ्या दिवशी आले. खांद्याखाली हात घातला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी त्याचा हात हळूहळू उचलला. छातीच्या वर, खांद्याच्या वर, थेट कानापर्यंत. कळ आली नाही.

"शंकुण्णी! अरे, सुटला की! मेननला कळवू या ना, आशान उभे राहतायत म्हणून?"

"काल कळवलं. सेतू उभा राहतोय."

वैद्यरांनी हात काढून घेतला. शंकुण्णीचा हात मात्र कुणाच्या आधाराशिवाय तसाच वर राहिला, हलका, दुखणं नसलेला. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"आता जातोय वर, मेला," तो म्हणाला.

त्याला राग आला. राग करायचा नव्हता, नल्लिरिक्क अजून संपलं नव्हतं, वैद्यर समोरच बसले होते. तरी त्याने तो केला, पोटभर केला, आणि वैद्यरांनी त्याला अडवलं नाही.