नाथाजीच्या नावावरचं काळीज

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. साताऱ्यातल्या एका इस्पितळात, हृदयाच्या विभागात, खिडकीशेजारच्या टेबलावर माझी जागा आहे. माझ्या जातीचे बाकीचे पत्रं लिहितात, बिलं छापतात. माझ्या वाट्याला माणसांची काळजं आली.

पुण्यात माझी जुळणी झाली आणि टेम्पोतून मी इथे आलो. शिपायाने मला कुंकू लावलं, नारळ फोडला. शेजारच्या खोलीत सीटी स्कॅनचं यंत्र आहे. माणसाच्या हातातल्या शिरेत औषध सोडून, त्याला श्वास रोखायला लावून ते छातीचे पातळ पातळ काप टिपतं आणि माझ्याकडे धाडतं. ते काप रचून मी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या उभ्या करतो. मग त्यांत हिशेबाने रक्त सोडून बघतो. पाटाचं पाणी कुठे अडलंय ते शेतकऱ्याला बांधावरून दिसतं. छातीतला पाट कुणाला दिसत नाही, तो मी दाखवतो. रक्ताला जोर असेल तिथे निळा रंग, जोर पडेल तिथे लाल. किती जणांना मी धमनीत नळी न घालता घरी पाठवलं! तेव्हा डॉक्टर शिवांजली माझ्यावरची धूळ आपल्या ओढणीने पुसत. ते माझे चांगले दिवस होते.

पण मला माणूस ओळखता येत नाही. चित्रावर जे नाव घालाल तेच मी खरं मानतो.

कोरेगावकडचे नाथाजी फौजेतून निवृत्त झाले आणि एका कंपनीत पहारेकरी म्हणून लागणार होते. त्यांच्या ईसीजीत शंका आली म्हणून कंपनीने ही तपासणी करायला सांगितलं. फौजेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला तपासणी म्हटलं की मेडिकल आठवतं, आणि मेडिकल पास व्हायचं असतं. नापास झाला तो घरी बसला. आजार वेळेत सापडावा म्हणूनही कुणी तपासतं, हे त्यांच्या मनात कधी शिरलंच नाही. म्हणून यंत्राखाली त्यांनी पाठचा भाऊ आप्पासो याला झोपवलं. आप्पासो म्हणजे उसाच्या दोन मोळ्या एकदम उचलणारा गडी. दोघांचे चेहरे एका साच्यातले, कार्डावरचा फोटो पुसट. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

चित्र आलं. मी रक्त सोडलं. डाव्या अंगाच्या मोठ्या धमनीत, वरच्या बाजूलाच, निळ्याचा एकदम लाल झाला.

दोघे भाऊ माझ्यापुढे बसले होते. डॉक्टर शिवांजली नाथाजींकडे बघून बोलत होत्या.

“काका, ही धमनी इथे अरुंद झाली आहे. पुढे रक्ताला जोरच राहत नाही. ओझं उचलताना छाती भरून येते का?”

“मला? न्हाई बा,” नाथाजी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

“जबडा दुखतो? डावा हात?”

नाथाजींनी भावाकडे पाहिलं. आप्पासो हसला. “दादा, तुजं काय खरं न्हाई आता! आवं म्याडम, मशीन म्हातारं झालंय तुमचं. ह्यो माणूस रोज पाच कोस पळतोय.”

“म्हातारं असेल, पण आजवर खोटं बोललेलं नाही. उद्याच दाखल व्हा.”

“उद्या?” आप्पासो बोलून गेला. “उद्या तर उसाची तोड हाय!”

“तोड यांची आहे की तुमची?”

“ऊस दोगांचा हाय की,” नाथाजी घाईने म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टरांना दुसऱ्या रोग्याकडून बोलावणं आलं. खोलीत भाऊ दोघेच राहिले.

“आप्पा, त्ये तुजं हाय रं. आपण सांगून टाकू.”

“सांग की. तुजी नोकरी जाईल, वर पोलीस येतील. तोड चुकली तर कारखाना परत कवा इचारतोय? ऊस रानात वाळंल. तोड हू दे, मग येतो मी.”

“नक्की?”

“व्हय रं दादा. मला काय धाड भरलीया?”

मला ऐकू येतं, मित्रांनो, पण तोंड नाही. दोघे उठून गेले. माझ्या पडद्यावर ती लाल धमनी तशीच होती.

काही दिवसांनी नाथाजी एकटेच आले. दारातच उभे राहिले.

“आलात एकदाचे!” डॉक्टर रागावल्या. “किती फोन केले तुम्हाला.”

“म्याडम, त्ये काळीज माजं न्हवतं. माज्या जागी आप्पाला झोपवला हुता. मेडिकल पास व्हावं म्हणून.”

डॉक्टर ताडकन उठल्या. “अहो, मग त्यांना घेऊन या! मी गाडी पाठवते. कुठे आहेत ते?”

“शेवटची मोळी ट्रॉलीत टाकली आन तितंच बसला. पाणी दे म्हणाला.” नाथाजींनी दाराची चौकट धरली. “पाणी घिऊन येस्तवर काय राह्यलं न्हवतं. काल राख सावडली.”

डॉक्टर खाली बसल्या. मग त्यांनी ते चित्र उघडलं, वरचं नाव खोडलं आणि आप्पासोचं घातलं. मी पुन्हा रक्त सोडलं.

“ह्ये चालतंय व्हय आजून?” नाथाजींनी विचारलं.

“चित्र आहे ते, काका.”

त्याच दिवशी डॉक्टरांनी नाथाजींना यंत्राखाली झोपवलं. त्यांचे काप माझ्याकडे आले. मी धमन्या उभ्या केल्या, रक्त सोडलं. मुळापासून शेंड्यापर्यंत सगळं निळं. ते स्वतः झोपले असते तरी पास झाले असते. डॉक्टरांनी हे हळू आवाजात सांगितलं. नाथाजी अहवाल न घेताच निघून गेले. कंपनीत ते कधी गेलेच नाहीत, असं पुढे शिपायाकडून कळलं.

मित्रांनो, माझ्या जागी आता नवा संगणक यायचा आहे. माझ्यावरून ओढणी फिरणं कधीच थांबलं. माझ्यावर धूळ बसली आहे, तिचं काही नाही. तुम्ही फक्त एवढं करा. छाती दाखवायला आलात तर स्वतः या, आपल्याच नावाने या. मी कुणाला पास किंवा नापास करत नाही. मी फक्त सांगतो, रक्त कुठे अडलंय. आणि ते अडलंय असं कळलं, तर त्याच पावली दाखल व्हा. ऊस वाळला तर वाळू द्या.