दोष हेडफोनचाच

हेडफोन स्वस्तातला होता आणि दोष त्याचाच होता. हे मी गेला महिनाभर ज्याला त्याला सांगत होते. नवऱ्याला, म्हणजे सुमीतला सांगितलं, नागपूरच्या आमच्या ऑफिसातल्या वेदश्री मॅडमना सांगितलं, समोरच्या काकूंनी काहीही विचारलं नव्हतं तरी त्यांनाही सांगितलं. माणूस एकच गोष्ट इतक्यांदा सांगायला लागला की समजावं, त्याचा स्वतःचाच तिच्यावर विश्वास उरलेला नाही.

माझं काम ऐकण्याचं. परदेशातले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकिगत रेकॉर्ड करून ठेवतात, ती मी वर्ध्याशेजारच्या पिपरी मेघेतल्या आमच्या मागच्या खोलीत बसून टाइप करते. सात वर्षं झाली. नियम एकच : ऐकू आलं नाही तर अंदाजानं ठोकायचं नाही, जागा रिकामी सोडायची. पूर्वी माझ्या दिवसाला दोन-तीन जागा रिकाम्या राहायच्या. आता तीस-चाळीस. वेदश्री मॅडम फोनवर म्हणाल्या, "नमिता, तू काम करतेस की शाळेतल्यासारख्या गाळलेल्या जागा काढतेस?" वर म्हणाल्या, "आणि जरा मोठ्यानं बोल, तुझा आवाजच येत नाही."

त्या हसत होत्या. मला मात्र आई आठवली.

माझी आई, गोपिका, पवनारला असते. भाजी पिकवते आणि वर्ध्याच्या बाजारात स्वतः बसून विकते. तिला ऐकू येत नाही. हे सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त तिनं ते आजवर कबूल केलेलं नाही. बहिरी माणसं ओरडून बोलतात म्हणे. आई उलट पुटपुटल्यासारखी बोलते. गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत भाव सांगून मोकळी होते, म्हणजे ऐकायची पाळीच नको. बाबांनी तिला काही सांगणंच सोडून दिलं होतं. "तिले सांगून काय फायदा," म्हणायचे, तिच्यापासून दोन हातांवर बसून. शाळेतल्या पालकसभेत तर बाईंच्या प्रत्येक प्रश्नाला ती हसून "हो" म्हणाली. "नमिता घरी अभ्यास करत नाही का?" यालासुद्धा हो. त्यानंतर मी तिला शाळेत येऊ दिलं नाही. बहिरेपणाचा मला राग नव्हता, त्या खोटेपणाचा होता. एवढी कसली मिजास, की सरळ सांगता येऊ नये?

आणि आता मी बत्तीस वर्षांची होते, माझी तीन वर्षांची आचल मागून हाक मारायची सोडून माझा गाऊन ओढायला लागली होती, आणि मी नेटवर हेडफोनबद्दल वाचत बसले होते. सावंगीचं मोठं हॉस्पिटल घरापासून दहा मिनिटांवर आहे. तिकडे जायला मला महिनाभर सवड झाली नाही.

नेटवर एकानं लिहिलं होतं की साध्या हेडफोनलाही वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लावला की आवाज खुलतो. दुसऱ्यानं लिहिलं होतं, छे, सगळा मनाचा खेळ. मी पहिल्याला धरलं. बुडत्याला काडीचा आधार.

सुमीतचा मित्र निकेश लग्नाकार्यात, सभांना स्पीकर लावतो. त्याच्याकडे असा अ‍ॅम्प होता. मागायला गेले तर आधी भाषण ऐकावं लागलं.

"वहिनी, तुमचा हेडफोन बत्तीस ओहमचा हाय. असे हलके हेडफोन मोबाईलवरच फुल वाजते. जड, महागडे असते ना, त्यायले लागते अ‍ॅम्प. याले लावणं म्हणजे सायकलीले ट्रकचं इंजन."

"तरी द्या ना भाऊ, दोन दिवस."

"देतो ना, त्यात काय. पण एक ध्यानात ठेवजा. आवाज मोठा झाला का माणसाले वाटते चांगला झाला. तो चांगला नसते, मोठाच असते. खरं पाह्यचं असन तं एकदा अ‍ॅम्प लावून अन एकदा काढून, दोन्ही वेळा आवाज सारखा ठेवून ऐकजा."

मी हो हो म्हटलं आणि ते काळं खोकं पिशवीत घातलं. आंघोळीच्या साबणाच्या डबीएवढं होतं, समोर आवाजाचं एक फिरतं बटण.

शनिवारी सकाळी लावलं. नाकात बोलणारा एक डॉक्टर आहे, त्याच्या फाइलीत मी आदल्या दिवशी अकरा जागा सोडल्या होत्या. बटण फिरवत गेले, फिरवत गेले, आणि एकदम तो माणूस माझ्या शेजारी येऊन बसला. त्यानं मध्ये घोटलेलं पाणीसुद्धा ऐकू आलं. अकरापैकी दहा जागा भरल्या. मी हेडफोन काढून हमसाहमशी रडले. मग तोंड धुऊन शिरा केला. सुमीत जेवायला आला तेव्हा त्याच्यापुढे वाटी आदळून म्हटलं, "घे! तुह्या निकेशचं ज्ञान. दोष हेडफोनचाच होता." त्या दिवशी मी इतकी आनंदात होते की आता मला माझीच कीव येते.

रविवारी आई आली. बाजार आटोपला की उरलेली भाजी घेऊन ती आमच्याकडे थांबते. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार जुड्या ओट्यावर ठेवून ती आचलला मांडीवर घेऊन बसली. सुमीतला सुट्टी होती. मीच हौसेनं म्हटलं, ऐकून तर बघ, किती फरक पडलाय.

त्यानं हेडफोन घातला आणि विंचू चावल्यासारखा उपटून काढला.

"अवं, काय करून राह्यली! कान फाटते ना! एवढ्या मोठ्यानं ऐकतं तू?"

"तुले जमत नसन तं कमी कर."

त्यानं कमी केला. करत करत पार शेवटाशी आणला. मग म्हणाला, हां, आता बरोबर. मी नेलपॉलिशची बाटली आणून बटणाच्या कडेला, डाव्या टोकाशी, त्याच्या नावाचा ठिपका दिला. तो अ‍ॅम्प काढून त्यानं हेडफोन सरळ लॅपटॉपला लावला.

"तेवढंच येऊन राह्यलं, नमिता. काईच फरक नाई."

"तू नीट ऐकूनच नाई राह्यला."

मी अ‍ॅम्प पुन्हा जोडला, मला लागेल तिथपर्यंत फिरवला आणि माझा ठिपका दिला. तो पार उजवीकडे गेला. दोन ठिपक्यांच्या मधे जवळजवळ सगळं बटण रिकामं पडलं होतं. सुमीतनं त्या रिकाम्या भागावरून हळूच अंगठा फिरवला. तो अंगठा मला सहन होईना. मला कुणीतरी साक्षीदार हवा होता, अ‍ॅम्पनं फरक पडतो असं सांगणारा कुणीही. आणि घरात दुसरं मोठं माणूस एकच होतं. म्हणतात ना, अडला हरी... मी हेडफोन आईच्या डोक्यावर चढवला.

फोनवर आचलचं बोलणं भरून ठेवलेलं होतं, चिऊकाऊची गोष्ट. ते लावलं, आणि आईचा हात धरून बटणावर ठेवला. ती फिरवू लागली. फिरवता फिरवता थांबली. तिचे डोळे मोठे झाले.

"हे कोन बोलून राह्यलं?"

मी मांडीवरच्या आचलकडे बोट केलं. आईनं आधी पोरीच्या बंद तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तीन वर्षं ती या नातीचे लाड करत होती आणि तिचा आवाज तिनं आज पहिल्यांदा ऐकला होता. गोष्ट संपेपर्यंत ती हलली नाही. पदरानं डोळे पुसले, हेडफोन काढला आणि म्हणाली, "लय चांगलं यंत्र हाय बाई हे."

मला हवी होती ती साक्ष मिळाली. मी बाटली उघडून तिचा ठिपका द्यायला वाकले, तर जागा सापडेना. तिचा ठिपका माझ्या ठिपक्याला चिकटूनच पडत होता.

आई बटणाकडे बघत होती. वर्षानुवर्षं लोकांचे ओठ आणि चेहरे वाचून जगलेली बाई ती, तिला काय लपतंय!

"तो तिकडचा कोनाचा?"

"सुमीतचा."

"अन हा माह्याजवळचा?"

मी बाटलीचं झाकण लावत बसले. 

"कधीपासून?" आईनं विचारलं.

"आचल झाली तवापासून."

"माहे बी तू झाल्यावरच गेले."

'गेले' हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. इतक्या वर्षांचा माझा राग एकदम वर आला. "मंग सांगतलं काऊन नाई कोणाले? काऊन खोटं बोलत राह्यली?"

"कसं सांगू? तुही आजी टपूनच बसली होती. पयली पोरगी, अन बाळंतपणात मायचे कान गेले. पोरीचा पायगुण म्हणली असती. जनमभर तुह्यावर ठपका राह्यला असता." ती नेहमीसारखीच, पुटपुटल्यागत बोलत होती. "म्हणून म्हणत राह्यली, मले येते ऐकू. तू बी कोणाले सांगू नको. पोरीच्या नावावर जाते."

मला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. मी या बाईला शाळेत येऊ दिलं नव्हतं. मी तिला मिजासखोर म्हणत होते. आणि आता तेच ती मलाही करायला सांगत होती, मायेनं.

सुमीत दारात उभा होता. मी त्याच्याकडे वळले. मला वाटलं मी ओरडतेय. खरंतर किती मोठ्यानं बोलले ते मला कळलं नाही.

"सुमीत, हेडफोन चांगला हाय. माहे कान चालले. आचल झाली तवापासून."

आई माझ्या ओठांकडेच बघत होती. तिनं झटकन दोन्ही हात उचलले आणि मांडीवरच्या आचलचे कान घट्ट झाकून धरले.