दगडी ज्वारीची ऊब

दसऱ्याची सुट्टी लागली, सगळे आपापल्या गावी गेले, आणि नांदेडच्या त्या प्रयोगशाळेत शिपाई सोडला तर दीपमाला एकटीच उरली. तिचं यंत्र जिवंत पेशींची ऊब मोजायचं. पेशी श्वास घेते, तसा कणभर उबारा सोडते. हाताला कळत नाही, यंत्राला कळतो. जीव असेल तर पडद्यावरची रेघ चढते. नसेल तर आडवी पडून राहते.

आज यंत्रात आईची ज्वारी जायची होती. आई, सिंधुबाई, जाऊन चार वर्षं झाली. तिच्यामागं रेणापूरकडच्या त्यांच्या शिवारात दगडी ज्वारीचं ते जुनं वाण कुणी पेरलंच नव्हतं. परवा तिच्या वडिलांना, आप्पांना, उतरंडीच्या तळच्या गाडग्यात ओंजळभर बी सापडलं. पुडी बांधून त्यांनी एसटीच्या कंडक्टरकडं दिली आणि फोन केला. "बघ बाई, जीव हाय का त्यात. असंल तर वाफा धरतो. हेच शेवटचं हाय."

शिपाई नरसिंग दारातून डोकावला. "म्याडम, ज्वारीला ताप आलाय का? सकाळधरनं नाडी धरून बसलाव."

"ताप यावा म्हणूनच बसलेय, मामा."

तिनं कुपीतल्या बियांवर पाणी सोडलं. रेघ हलली, आणि सरसर वर चढली. दीपमालाला धीर कुठला! तिनं तिथूनच फोन लावला. "आप्पा, जित्तं हाय! ऊब आली!"

पलीकडं आप्पांनी नाक ओढलं. म्हणाले, "तुझी माय लई जपायची. आत्ताच वाफा भिजवतो."

तासाभरात रेघ उतरली आणि आडवी झाली. जिवंत ऊब अशी येत नाही. ती लाजत, थांबत, तासातासानं चढते. दीपमालानं कुपी काढून उजेडात धरली. पाणी करडं, तळाला गाळ. बोटांत चोळला तर साबणासारखा बुळबुळीत.

राख.

कीड लागू नये म्हणून आई बियाला चुलीची राख चोळायची. लहानपणी दरसाल तिनं हे पाहिलं होतं, स्वतःचे हात त्यात माखले होते. तरी बी न धुताच तिनं पाणी सोडलं. कोरड्या राखेवर पाणी पडलं की तीही कणभर तापते. यंत्रानं तेवढंच मोजलं होतं.

उरलेलं सगळं बी तिनं तीनदा धुतलं, पुन्हा यंत्रात लावलं. दोन दिवस ती पडद्यासमोरून फारशी उठली नाही. रेघ जागची हलली नाही. दाणे दाबले तर मऊ पडले, आंबूस वास आला.

मग फोन करावाच लागला. "आप्पा, ती ऊब बियाची नव्हती. राखंची होती. मी धुतलंच न्हाई. चुकलं माझं."

"चुलीची राख?"

"हाव."

"म्हंजे तिच्याच हातची. वाफा तर भिजवून बसलोय मी. आता काय टाकू त्यात?"

"मेथी टाका."

"मला एकट्याला किती लागती मेथी?"

"मी येते की उद्या."

"मेथीला महिना लागतो, बाई. तू दोन दिसांत माघारी जाशील."

खोटं बोलायला तिला जमेना.

"तरी टाका," ती म्हणाली.