सगुणाची पनीरची टोपली

मित्रांनो, वाटीएवढी ही कळकाची टोपली तुम्हाला खेळण्यातली वाटेल. पण मी कामाची टोपली आहे आणि आता म्हातारी झाले आहे. एकोणीसशे एकोणपन्नास साली ठाण्याच्या एका बुरुडाने मला विणले. एका पारशी बाईंनी त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सगुणाला मला देऊन टाकले आणि पनीर करायलाही शिकवले.

ठाण्यातल्याच खोपट भागात सगुणाच्या घरी म्हैस होती. सगुणा गरम दुधात लिंबू पिळी, फुटलेले दूध माझ्यात ओती आणि वरून मीठ भुरभुरी. पाणी निथळले की माझी वीण उमटलेला लुसलुशीत गोळा तयार होई. निथळलेल्या त्याच पाण्यात, मातीच्या गाडग्यात, तो दोन दिवस ताजा राही. कधी ती तो ओल्या वाटाण्याच्या रश्श्यात घाली, कधी तव्यावर परतून भाकरीबरोबर वाढी. तिचा नवरा सहदेव बोटे चाटत जेवे. सासू रंगूबाई मात्र नाक मुरडी. "चांगलं दूध आपल्या हाताने नासवू नये गं," ती म्हणे.

पुढच्याच वर्षी सगुणाची आठ महिन्यांची मुलगी तापाने गेली. भेटायला आलेल्या बायकांसमोर रंगूबाई म्हणाली, "दूध नासवणाऱ्या घरात लेकरू कसं टिकेल?"

सगुणाने मला धुतले, उन्हात वाळवले आणि माळ्यावर टाकले. सात वर्षे मी धूळ खात पडून राहिले. घरात पुन्हा पाळणा हलला नाही.

मग रंगूबाई अंथरुणाला खिळली. दात पडलेले, अन्नावरची वासना उडालेली. एका दुपारी ती म्हणाली, "सगुणा, ते तुझं मऊ पनीर करशील का?"

सगुणाने मला माळ्यावरून खाली काढले. दूध तापवून त्यात लिंबू पिळले. पनीर कुस्करून तिने सासूला भरवले. दोन घासांनंतर म्हातारीने तिचा हात धरला.

"तेव्हा मी तसं बोलायला नको होतं."

"मला ते खरं वाटलं, आत्याबाई," सगुणा हळूच म्हणाली. "पोर माझ्यामुळेच गेली, असंच मी आजवर मानत आले."

रंगूबाई त्यानंतर पंधरा दिवस जगली. सगुणा रोज तिला भरवी आणि म्हातारी रडत रडत खाई.

मित्रांनो, माझी काळजी घेतलीत तर बरेच आहे. नाही घेतली तरी चालेल. पण ज्या आईचे लेकरू गेले, तिला बोल लावू नका. तिच्याजवळ बसा.