तिसऱ्या ओळीतला वाक

बाईंनी डावा डोळा मिटला, मान जराशी तिरकी केली आणि शेगडीमागच्या नव्या फरश्यांकडे पाहत त्या म्हणाल्या,

"तिसरी ओळ मधेच खाली उतरलीय."

जावई चहा गाळत होता. गाळणी तशीच हातात धरून त्याने भिंतीकडे पाहिलं. विमा कचेरीतली रजा आणि दोन्ही गुडघ्यांची सालटी खर्ची घालून त्या फरश्या त्याने स्वतःच्या हाताने लावल्या होत्या. येणारा-जाणारा वाहवा करत होता. सासूबाई मात्र काल राहायला आल्या आणि आज त्यांनी खोट काढली.

त्यांचाही इलाज नव्हता. सारी हयात त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती. मुलं पाठीमागे त्यांना 'फूटपट्टी' म्हणत आणि ते नाव त्यांना मनातून आवडायचं. एक डोळा मिटून रेष जोखायची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. दारांच्या चौकटी, भिंतीवरच्या तसबिरी, लोकांचे भांग, काही म्हणता काही त्यांच्या तावडीतून सुटत नसे.

जावयाने मुकाट्याने पाणसळ आणून तिसऱ्या ओळीवर टेकवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. हल्ली वस्तूच धड मिळत नाहीत, असं बाईंचं म्हणणं पडलं. लेक डबा भरत होती, ती भरतच राहिली. नवरा आणि आई यांच्या मधे पडायचं नाही, एवढं शहाणपण तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी आलं होतं.

शेवटी जावयाने पोलादी पट्टी काढली आणि सासूबाईंच्याच हातात दिली.

"आई, तुम्हीच लावून बघा."

बाई जिंकायच्या तयारीने उठल्या. पट्टी ओळीखाली धरून त्यांनी डावा डोळा मिटला. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पट्टी खाली घेऊन तिच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चहा गार होतोय."

लेकीने डब्याचं झाकण खाली ठेवलं. आई हार मानते आणि तीही इतक्या सौम्यपणे, असं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने काय दिसलं म्हणून विचारलं. बाईंनी आधी पदर सारखा केला.

"पट्टीपण वाकडी दिसतेय."

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. वयस्कर गिऱ्हाइकांना द्यायचा चौकटींचा कागद तिच्या पिशवीत असायचाच. बारीक चौकोन आणि मधोमध एक काळा ठिपका. तिने आईला वाचायचा चष्मा लावायला सांगितलं, पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावर कागद धरला आणि आईचा उजवा डोळा स्वतःच्या तळव्याने झाकला. नजर ठिपक्यावरच ठेवायची. सगळ्या रेषा सरळ होत्या. मग डावा झाकला. ठिपक्याजवळच्या रेषा कुणीतरी चिमटीत धरून ओढल्यासारख्या दिसताहेत आणि तिथे जरा पुसटही आहे, असं बाईंनी सांगितलं. लेकीने पुन्हा करून पाहिलं. उत्तर तेच आलं.

हा कागद तिने किती जणांना समजावला होता. वयाबरोबर पडद्याचा मधला भाग झिजतो, दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो, म्हणून एकेक डोळा तपासायचा, हे सगळं तिला पाठ होतं. आता त्यातलं एकही वाक्य तिला नीट बोलता येईना.

"आंधळी होणार का गं मी?" बाईंनी कागदालाच विचारलं.

"आज दाखवूया. आजच."

जावयाने गॅस बंद केला, कचेरीत फोन केला आणि गाडीची किल्ली घेतली.

तपासणीत निघालं, उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलं होतं. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर बाईंनी जावयाचं मनगट असं धरलं की त्यावर नखं उमटली. झाल्यावर मात्र, एवढंच होय, म्हणाल्या. उपचारासाठी पुन्हा पुन्हा जावं लागणार होतं, म्हणून त्यांचा मुक्काम लांबला. कागद फ्रिजच्या दारावर गेला. रोज सकाळी चष्मा लावून बाई एकेक डोळा झाकत आणि निकाल जाहीर करत. हळूहळू रेषा सुधारत गेल्या. ठिपक्याशेजारची एक तेवढी अजून जरा लाजल्यासारखी वळायची. ती आणखी वळली तर लगेच सांगायचं, असं ठरलं होतं.

तिसऱ्या इंजेक्शनच्या वेळी डॉक्टरीणबाई अहवाल पाहून खूश झाल्या. फार वेळेवर आलात, म्हणाल्या. एकच डोळा बिघडला तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

"तुमच्या कसं लक्षात आलं?"

बाईंनी शेजारी बसलेल्या जावयाकडे एकदा पाहिलं.

"यांच्या चुका काढत होते."

जावई छताकडे बघू लागला. डॉक्टरीणबाईंनी हसू लपवायला अहवाल पुन्हा उघडला.

बाहेर उन्हात आल्यावर बाईंनी त्याचा दंड धरला. मग गाडीचं दार उघडता उघडता म्हणाल्या,

"माझ्याही ओट्यामागची भिंत रिकामीच आहे. रजा शिल्लक आहे का तुमची?"