जयराम निघाला त्या सकाळचा केर

मी एक जुनी पत्र्याची केरभरणी आहे. मित्रांनो, माझा जन्म आगाशीच्या बाजारात झाला. गोडेतेलाचा रिकामा डबा कापून एका कारागिराने मला घडवलं आणि माझ्या कडा आत दुमडल्या, म्हणजे कुणाच्या हाताला लागू नयेत. एकाहत्तर साली द्वारकाबाईंनी मला विकत घेतलं. त्यांच्या थोरल्या मुलाची, आत्मारामची, बायको मालन त्याच वर्षी त्या घरात आली.

घर केळीच्या बागेतलं, जमीन शेणाने सारवलेली. मालनचा नेम ठरलेला होता. पहाटे सडा घालायचा, आधी देवघर झाडायचं, मग माजघर, मग ओटी. केर माझ्यात भरून केळीच्या बुंध्याशी न्यायचा आणि मला दोनदा ठोकून रिकामं करायचं. दिवेलागणीच्या आत पुन्हा एकदा झाडायचं. दिवा लागला की केरसुणीला हात नाही. शुक्रवारी सारवण. काम झालं की ती मला धुऊन उन्हात उपडी ठेवायची, पाणी साचून गंजू नये म्हणून. माझी एवढी काळजी पुढे कुणी घेतली नाही.

द्वारकाबाई कौतुकाने म्हणायच्या, "आमच्या मालनच्या ओटीवर भात सांडला तर उचलून खावा!"

शेजारची हंसाकाकी म्हणायची, "मग ताटं कशाला घासता गो? वाढा की ओटीवरच!"

त्या घरात आणखी एक रीत होती. कुणी प्रवासाला निघालं तर त्याच्या मागोमाग केर काढायचा नाही. घरातून प्रेत गेलं की तसा काढतात, म्हणून.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्यात धाकटा जयराम नोकरीसाठी मस्कतला निघाला. दारात द्वारकाबाईंनी त्याला कवटाळलं, तेव्हा त्यांचा हात चौकटीवर आपटला आणि दोन हिरव्या बांगड्या फुटून उंबऱ्याशी पडल्या. त्यांनी झटकन मनगटावर पदर ओढला. जवळ फक्त मालन होती.

"मालन, कुणाला बोलू नको हां," त्या कुजबुजल्या. "निघताना बांगडी वाढली म्हटलं की अपशकुन म्हणतील सगळे."

"नाही बोलणार, आई."

सगळे एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला गेले. घरात राहिल्या मालन आणि तिची आठ महिन्यांची प्रेमा. प्रेमा रांगत थेट उंबऱ्याकडे निघाली, तिथे हिरवं काहीतरी चमकत होतं ना! मालनने तिला उचलून काखेत घेतलं. एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा पोरीच्या गुडघ्यांकडे. मग केरसुणी घेतली. त्या काचा माझ्यात पडल्या, तो आवाज मला अजून आठवतो.

हंसाकाकी कुंपणापलीकडे होती. "अगो, गाडी तरी सुटू दे!" ती हसत म्हणाली.

जयरामचं पत्र आलं नाही. जून गेला, जुलै गेला. श्रावणात द्वारकाबाई सोमवार इतका कडक धरू लागल्या की पाणीसुद्धा घेईनात. अशाच एका सोमवारी ओटीवर सगळे बसलेले असताना हंसाकाकी बोलून गेली, "मालनने त्याची पाठ वळताच केर काढला होता. मी म्हटलं पण तिला."

सासरे विठ्ठलदादा वळले. "खरं काय गो मालन?"

"काचा होत्या, दादा. प्रेमा रांगत होती."

"कसल्या काचा?"

मालनने सासूकडे बघितलं. द्वारकाबाईंच्या हातात जपमाळ होती. बोटं क्षणभर थांबली.

"मला काय माहीत," त्या म्हणाल्या, आणि मणी पुढे सरकला.

मालनने शब्द दिला होता. तिने बांगड्यांचं नाव काढलं नाही. मी दाराआड टेकून सगळं ऐकत होते.

त्या दिवसापासून मालनला देवघर बंद झालं. तुळशीला पाणी घालायचं नाही. कुणी गावाला निघालं की तिने मागल्या दारी जाऊन थांबायचं, गाडी गेल्याचा आवाज येईपर्यंत.

आत्माराम म्हणाला, "आईशी कशाला वाद? होईल शांत."

"आणि मी?" मालनने विचारलं. तो जेवत राहिला.

दिवाळीनंतर जयरामचं पत्र आलं. त्याला दूर वाळवंटातल्या कामावर पाठवलं होतं, एवढंच. घरात पेढे वाटले. मालनला वाटलं, आता सुटले.

द्वारकाबाई म्हणाल्या, "माझ्या सोमवारांनी राखलं त्याला. नाहीतर हिने घालवलाच होता."

मित्रांनो, त्यांचे उपास खोटे नव्हते. तोंड सुकून जायचं त्यांचं. पण देवासमोर उपाशी बसूनही खरं ते पोटात ठेवता येतं, हे मी त्या घरात बघितलं.

सात वर्षं गेली. मालनचा पहाटेचा सडा एक दिवस चुकला नाही.

चौऱ्याऐंशी साली द्वारकाबाई गेल्या. सवाष्ण गेल्या, दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरून. तिरडी अंगणाबाहेर पडली तशी हंसाकाकीने मालनला हाताला धरून उठवलं. "ऊठ गो. काढ केर. आता काढायचाच असतो."

मालनने माजघरापासून उंबऱ्यापर्यंत झाडलं. मला घेऊन केळीपाशी आली. आजूबाजूला कुणी नव्हतं. "आई, आता तरी सांगू का?" ती हळूच म्हणाली. मग मला दोनदा ठोकलं आणि आत गेली. तिने सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावर विठ्ठलदादा म्हणाले, "देवघर यापुढे प्रेमा झाडेल. तिच्या आजीची रीत मोडायला नको." मालनने केरसुणी मुलीच्या हातात दिली आणि ती कशी धरायची ते दाखवलं.

आता त्या घरात फरशी आहे, प्लास्टिकची केरभरणी आहे. मी परसात चुलीच्या राखेत पडून आहे, तळाला भोक पडलं आहे.

मित्रांनो, घर रोज झाडा, दिवा लागायच्या आत झाडा. केरभरणी धुऊन उन्हात ठेवा. आणि तुमच्या घरी हे सगळं जी करते, तिच्यावर कुणी खोटा ठपका ठेवला आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असलं, तर तिथल्या तिथे बोला. देवाचं नाव नंतर घ्या.